बुबूश आपांची सून

बुबूश आपा सातव्यांदा खुर्चीवरून उठल्या, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पडद्यावरून चालत्या झाल्या. डॉक्टर पेरिझातनं टेबलावर हात आपटला.

"जा! खुशाल जा! मी काही पाया पडायला येणार नाही!"

"पडूनही उपयोग नाही," मागून आवाज आला. "तसा पर्यायच ठेवलेला नाही मी."

ती दचकून वळली. खिडकीच्या कठड्यावर केस विस्कटलेला एक उंच तरुण समोशासारखा सामसा खात बसला होता. त्याच्या पाठीमागे बिश्केकवर ओला बर्फ पडत होता, आणि त्याच्या स्वेटरवर सामशाचा चुरा.

"म्हणजे ही खाष्ट म्हातारी तुमची?"

"मीच लिहिली. मेदेर." त्यानं तेलकट हात पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला.

बुबूश आपा खऱ्या पेशंट नव्हत्या. नाटकातल्या एका नटीला बसवून तिची शे-दीडशे छोटी दृश्यं चित्रित केली होती. आपा काही बोलल्या की पडद्यावर तीन वाक्यं येत. डॉक्टरनं एक निवडायचं. निवडीप्रमाणे आपा रडत, भांडत किंवा मान डोलवत, आणि पुढची गोष्ट त्या वाटेनं जाई. पेशंटशी कसं बोलावं हे डॉक्टरांना शिकवायची ही नवी तऱ्हा होती. वीस सेकंदांत काहीच निवडलं नाही, तर आपा उठून जात.

शुक्रवारच्या परीक्षेत त्या उठून गेल्या, तर पेरिझातला कॅन्सरचा वॉर्ड मिळणार नव्हता. पुन्हा तळघरात बसून क्ष-किरणांच्या फिल्म वाचायच्या. तीन वर्षं तिनं तेच केलं होतं. आता तिला माणसं हवी होती.

"तुम्ही दर वेळी एकाच जागी गप्प बसता," मेदेर म्हणाला. "आपा विचारतात, तपासणीत काय निघालं? तिथे दुसरं वाक्य निवडा. स्पष्ट, स्वच्छ. सगळे तेच निवडतात. घ्या, पेपर फोडला मी तुमच्यासाठी."

"उपकार झाले. सून कुठेय तिची?"

"कुणाची?"

"आपांची! सुरुवातीलाच म्हणतात ना, सून बाहेर बसलीय म्हणून. तिला आत बोलवायचा पर्याय कुठेय?"

मेदेरचा घास तोंडातच राहिला. "सून नाहीच आहे. म्हणजे... तिचं चित्रीकरण केलेलंच नाही. ते आपलं असंच वाक्य होतं."

"असंच!" पेरिझातनं कोट उचलला. "आमच्या गावाकडे, नारिनला, असंच कुणी काही बोलत नाही."

ती गेली. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. खरं तर तो दाराकडे बघत होता, पण हे त्याचं त्यालाही उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो दोन सामसे घेऊन आला.

"एक आपांसाठी?" तिनं विचारलं.

"आपांना तेलकट चालत नाही. मीच लिहिलंय तसं."

ती हसली. हसताना तिचा एक दात किंचित पुढे येई. प्रेमात पडायला ती खोली काही फार चांगली नव्हती. हीटर नुसता खडखडायचा, भिंतीवर पोटातल्या आतड्यांचं चित्र होतं. पण माणसं जागा बघून पडत नाहीत.

बुधवारपर्यंत दोघं 'तू'वर आली होती.

"तू हट्टी आहेस," तो म्हणाला. "एक बटण दाबायचंय. वॉर्डात गेल्यावर कर हवं तसं."

"इथे खोटं दाबलं की तिथेही हात तिकडेच जाईल." ती थांबली. "माझे आजोबा गावात वाईट बातमी सांगायला जायचे. घरचं माणूस गेलं तरी त्या घरी लगेच सांगायचं नाही. आधी जाणती माणसं गोळा करायची, पहाटे जायचं, दोन्ही बाजूंना बसायचं, आणि मग तोंड उघडायचं. कोसळणाऱ्याला धरायला हात हवेत ना... तुला नाही माहीत?"

"ऐकून आहे. मला फोनवर सांगितलं होतं."

"काय?"

"वडील गेल्याचं. मी अल्माटीला होतो, बसथांब्यावर. चुलत भाऊ म्हणाला, मेदेर, काका गेले. एकच वाक्य, स्पष्ट, स्वच्छ." त्यानं खांदे उडवले. "मी बसमध्ये चढलो. कामावर गेलो."

पेरिझातला त्याची दया आली नाही. राग आला, त्या भावाचा, त्या बसचा, आणि तेच वाक्य बरोबर उत्तर म्हणून लिहून ठेवणाऱ्या या वेड्याचाही. ती खुर्चीवरून उठली आणि कठड्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसली. खांद्याला खांदा लागला. पडद्यावरच्या आपा वाट बघून केव्हाच निघून गेल्या.

शुक्रवारी परीक्षक म्हणून बाक्तिगुल एजे, म्हणजे बाक्तिगुल ताई, आल्या. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, आवाज करवतीसारखा. मेदेर यंत्रापाशी बसला. आपांनी विचारलं, काय निघालं? तीन वाक्यं आली. पेरिझातचे हात मांडीवरच राहिले. दहा सेकंद... पंधरा...

मेदेरनं पडदा बंद केला.

"हे काय?" एजे गरजल्या.

"चूक डॉक्टरांची नाही, एजे. माझी आहे. बरोबर उत्तर मी लिहिलंच नाही." आणि त्यानं सुनेचं सगळं सांगून टाकलं.

एजे उठून पेशंटच्या खुर्चीत बसल्या. "हं. मी बुबूश. तू सून हो," त्या मेदेरला म्हणाल्या.

"मी?"

"इथे दुसरी सून दिसतेय का तुला? बाहेर जा!"

मेदेर मुकाट्यानं बाहेर जाऊन उभा राहिला. पेरिझातनं दार उघडलं, त्याला आत आणलं, एजेंच्या अगदी जवळ खुर्ची ठेवून बसवलं आणि त्याचा हात त्यांच्या हातात दिला. मग स्वतः समोर बसून, सावकाश, काही न लपवता कॅन्सरचं सांगितलं. एजेंनी सुनेचा हात इतका घट्ट धरला की सुनेची बोटं पांढरी पडली.

"सोमवारपासून वॉर्डात ये," अखेर त्या म्हणाल्या. आवाजातली करवत बोथट झाली होती. "आणि तू, सूनबाई, नापास. सगळं पुन्हा लिही."

बाहेर पायऱ्यांवर बर्फाचा चिखल झाला होता. मेदेर बोटं चोळत होता.

"पुन्हा लिहायचं म्हणजे हिवाळा जाईल," तो म्हणाला. "तू मदत करशील?"

"आपांना?"

"नाही... म्हणजे हो, पण..." त्यानं श्वास घेतला. "पेरिझात, मला तू आवडतेस. फार. हे इथं असं पायरीवर, तुला एकटीला गाठून सांगायला नको होतं. तुझ्या गावच्या रीतीत बसत नाही..."

त्याचे कान लाल झाले होते. थंडीनं नसावेत.

"वेड्या," ती म्हणाली, आणि त्याच्या दुखऱ्या बोटांत आपली बोटं घातली. "चांगली बातमी एकटीनं ऐकली तरी चालते."