मिस युलालीचा जावई

मिस युलालीनं माशाचे काटे एकेक करून काढले, मऊ तुकडा जावयाच्या ताटात सरकवला, आणि डॉक्टर प्रसन्न, दोन मुलींचा बाप, सेंट क्रॉय बेटावरून सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार, तो तुकडा लहान मुलासारखा तोंडात टाकून म्हणाला, "थँक यू, मम्मी."

स्वयंपाकघराच्या दारात मेतकुटाचा डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या उत्तराच्या काळजात चर्र झालं.

मम्मी... किती सहज म्हणाला तो! ती घरात लग्न होऊन आली तेव्हा हा दीर नऊ वर्षांचा होता, आईवेगळा, आणि पहिल्याच पावसाळ्यात तापानं फणफणलेला असताना त्यानं तिला एकदा 'आई' म्हणून हाक मारली होती. तेव्हा तिनंच त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत सांगितलं होतं, वहिनी म्हण बाळा, तुझी आई देवाघरी आहे. मेलेल्या सासूचा मान राखायचा म्हणून हाताशी आलेलं मातृत्व तिनं स्वतःच्या हातानं परत केलं होतं. नवरा, हेमचंद्र, शिकायला मिशिगनला गेला, ॲन आर्बरला नोकरीला लागला, त्यानं तिकीट पाठवलं. पण या पोराला कुणाच्या दारात टाकून जायचं, म्हणून ती साताऱ्यालाच राहिली. प्रसन्न मेडिकलला गेला तेव्हाच ती विमानात बसली. तोवर सहा वर्षं गेली होती, आणि पुढे मुलाबद्दल विचारलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नुसती नकाराची मान हलवली. असं सगळं देऊन झाल्यावर, कॅरिबियन समुद्रातल्या या एवढ्याशा बेटावर, कुणी एक शिवणकाम करणारी धिप्पाड बाई नुसते काटे काढून त्याची मम्मी होऊन बसली होती!

"वहिनी, उभी का? ये ना, बस," प्रसन्न म्हणाला. "जॉयस मुलींना घेऊन येतेच आहे. तू काय खाशील? मम्मीनं तुझ्यासाठी वेगळा व्हेजिटेरियन राइस केलाय."

"मला भूक नाही," उत्तरा म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण मत्सरानं पोट भरतं म्हणतात ते काही अगदीच खोटं नाही.

मिशिगनहून बेटावर आल्यापासून तिचं सगळं चुकतच चाललं होतं. पहिल्या दिवशी ती प्रचाराच्या ऑफिसात शिरली आणि थेट "प्रसन्न कुठाय?" असं विचारती झाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. मग मिस युलालीनं शिवणावरून डोकं वर करून स्वच्छ आवाजात म्हटलं, "गुड आफ्टरनून." इथे आधी नमस्कार केल्याशिवाय कुणी पावसुद्धा विकत घेत नाही, ही रीत उत्तराला कोण सांगणार? चारचौघांत आपल्याला वळण लावलं, एवढंच तिला कळलं, आणि ती ठिणगी तिनं मनात जपून ठेवली.

त्यात जिथे जावं तिथे एकच वाक्य. बेकरीत, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर... "ओ, डॉक्टर! मिस युलालीचा जावई!" लेकुरवाळ्या बाईलाही इथे मानानं 'मिस' म्हणतात.

"इथे पहिला प्रश्न हाच असतो, वहिनी," प्रसन्ननं तिला गाडीत समजावलं होतं. "तुझी माणसं कोण? कुणाचा कोण तू? बाहेरून आलेल्याला कोण व्होट करणार? मम्मीनं अर्ध्या गावाचे कपडे शिवलेत. तिचं नाव आहे म्हणून लोक निदान माझं ऐकून घेतात."

"आणि आमचं नाव?"

"तुमचं नाव इथे कुणाला माहीत असणार?"

तो सरळ मनानं बोलला होता. म्हणूनच ते जास्त लागलं. मग विषय बदलायला त्यानं बेटाचं राजकारण सांगायला घेतलं. इथले लोक अमेरिकेचे नागरिक, लढाईवर जातात, पण अमेरिकेच्या अध्यक्षाला त्यांना मत देता येत नाही. मत द्यायचं ते फक्त इथल्या गव्हर्नरला, आपल्या पंधरा सिनेटरांना, आणि वॉशिंग्टनला पाठवायच्या प्रतिनिधीला. पण त्यालाही तिथे शेवटच्या मोजणीत मत नाही.

"म्हणजे करायचं सगळं, पण हक्क नाही," उत्तरा म्हणाली.

"एक्झॅक्टली!" तो खूश होऊन म्हणाला. असला कारभार तिला चांगला ठाऊक होता.

आणि शनिवारी बाजारात ते घडलं. भेंडी निवडून देताना भाजीवालीनं प्रेमानंच विचारलं, "तुम्ही आपल्या डॉक्टरच्या काकू ना?"

आपल्या डॉक्टरच्या! उत्तराचा तोल गेला. "काकू नाही," ती इंग्रजीत ताडकन म्हणाली, "मी वाढवलंय त्याला. तो माझा मुलगा आहे. आणि हे निवडणुकीचं वेड उतरलं की तो परत मिशिगनला येणार आहे, आमच्याकडे. माझे मिस्टर तिथल्या हॉस्पिटलशी बोललेसुद्धा."

हेमचंद्र शेजाऱ्याशी बोलायलाही कचरायचा, तो हॉस्पिटलशी काय बोलणार! पण भाजीवालीचा चेहरा उतरला आणि उत्तराला क्षणभर असं गार वाटलं, की भेंडीचे सुटे पैसे परत घ्यायलाही ती विसरली.

लहान गावात बातमीला पाय फुटतात. बेटावर तर तिला पळायला दुसरी जागाच नसते.

रविवारी दुपारी बेटावरच्या फ्रेडरिकस्टेड गावात समुद्राकाठच्या झाडांखाली प्रचाराची शेवटची सभा होती. ट्रकवर कर्णे, पुढे लाकडी बाकं, चर्चला जायच्या कपड्यांतली माणसं. प्रसन्न हॉस्पिटलातल्या पाण्याबद्दल, विजेबद्दल बोलला, चांगलं बोलला. मग एक म्हातारे निवृत्त मास्तर काठी टेकत उठले.

"डॉक्टर, माणूस तू भला आहेस. माझे गुडघे तूच बरे केलेस. पण तुझी आई बाजारात सांगते, की तू मिशिगनला परत चाललास. मग आम्ही मत कशाला द्यायचं? तुझ्या सामानाला हात लावायला?"

माणसं हसली. मग हसणं थांबलं आणि सगळे उत्तर ऐकायला वळले.

प्रसन्ननं माणसांत बसलेल्या उत्तराकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिनं सोसला असता... शाळेत खोटा आळ आलेलं पोर घरच्या माणसाकडे बघतं, तसं तो बघत होता. 'ती खोटं बोलली' एवढे तीन शब्द त्यानं उच्चारले असते तर सभा त्याची होती. पण तो माइक धरून नुसता उभा राहिला. चारचौघांत वहिनीला खोटं पाडण्यापेक्षा त्याला पडणं कबूल होतं, हे तिला लख्ख समजलं.

मागच्या बाकांवरची दोन माणसं उठून चालू लागली.

ट्रकच्या फळीवर ती कशी चढली हे तिला नंतर आठवलं नाही. तिनं माइक हातात घेतला, गुड आफ्टरनून म्हटलं, आणि सवयीनं सगळ्या सभेनं ते परत केलं.

"काल मी खोटं बोलले," ती म्हणाली. "हा कुठेही जाणार नाही. मिशिगनमध्ये याच्यासाठी काही ठरलेलं नाही. मला असूया वाटली... इथे सगळे याला आपला म्हणतात, ते मला सोसलं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी याची आई नाही. मी याच्या भावाची बायको. याची आई ती तिथे बसलीय. मिस युलाली. याची माणसं तुम्हीच आहात. याला मत द्या."

जन्मभर ज्या शब्दासाठी जीव तीळतीळ तुटला होता, तो तिनं आपल्या तोंडानं दुसरीच्या पदरात टाकला. प्रसन्न "वहिनी, अगं..." म्हणत पुढे आला, पण ती थांबली नाही. फळीवरून उतरली आणि समोरच्या बाकावर, मिस युलालीपासून हातभर अंतर ठेवून, मान खाली घालून बसली.

मागे उठलेली माणसं पुन्हा बसली. मास्तरांनी काठी आडवी ठेवली. सभा पुढे चालू झाली.

"काल बाजारात खोटं बोललीस, त्याचं मला एवढं नाही," मिस युलाली समोर बघतच हळू म्हणाली. "पण आज माझ्या माणसांसमोर खोटं बोललीस."

"आज? आज मी काय खोटं..."

"'मी याची आई नाही' म्हणे." मिस युलाली आता वळली. "हा पोरगा जॉयसला मागायला आला, तेव्हा मी विचारलं, तुझी माणसं कोण? सगळी दुपार तो एकाच बाईबद्दल बोलत होता. तिकीट आलं तरी गेली नाही. ताप आला की रात्रभर बसायची. मी याला काय ओळखत होते? चांगला की वाईट... मी त्या बाईच्या भरवशावर मुलगी दिली. आणि तीच बाई लग्नाला आली नाही."

"बर्फ फार होतं," उत्तरा पुटपुटली.

"मे महिन्यात?"

उत्तरानं मान वर केली नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मधल्या हातभर जागेवरून एक खरबरीत, सुयांनी टोचलेला हात येऊन तिच्या हातावर बसला.

सभा संपली तसे मास्तर काठी टेकत आले. "युलाली, ही तुझी कोण म्हणायची?"

मिस युलालीला शब्द सापडेना. जावयाची आई आपली कोण, याला तिच्या भाषेत नाव नव्हतं. तिनं उत्तराकडे पाहिलं.

"विहीण," उत्तरा म्हणाली. "आमच्यात मुलाची आई आणि मुलीची आई एकमेकींच्या विहिणी. दोन आया असल्याशिवाय होतच नाही ते."

"वी-हीन," मिस युलालीनं शब्द जिभेवर घोळवून बघितला आणि मास्तरांना ठणकावून सांगितलं, "ही माझी विहीण. मिशिगनची." मास्तर टोपी काढून झुकले आणि पुढे गेले, तशी ती उत्तराकडे वळली. "आणि तुमच्यात विहिणी लग्नाला येत नाहीत की काय?"

"येतात. पण मुलाची आई रुसते. रीतच आहे. मग मुलीच्या आईनं तिची समजूत काढायची असते."

"कशी काढायची?"

ट्रकवरून उतरून प्रसन्न त्या दोघींकडे येत होता. उत्तरानं बाकावर सरकून मधलं अंतर मिटवलं.

"काढलीत," ती म्हणाली.