मोतीबाईला वाढणारी बाई

ही घडलेली गोष्ट आहे. रचलेली असती, तर भुताला निदान पांढरी साडी तरी नेसवली असती.

ठिकाण विठ्ठलवाडी, बस डेपोमागची लांब भिंत. काळ गेल्या डिसेंबरातला, नाताळाआधीचे शनिवार. वेळ दिवेलागणीची... म्हणजे भुतांच्या मानाने फारच लवकरची.

नूतन साळवे उल्हासनगरात चार नंबर कॅम्पात राहते. तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत ती वर्षानुवर्षं खिचडी शिजवते. दर शनिवारी मंडळीतल्या बायका ते पातेलं रिक्षात घालून भिंतीशी नेतात. तिथे उघड्यावर राहणाऱ्यांना गरम जेवण. थंडीत ब्लँकेटही.

वाढायची एक पद्धत होती. आधी विचारायचं, "जेवलात का?" नाही म्हटलं तर प्लेट. हो म्हटलं तर आग्रह करायचा नाही. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि पुढे जायचं. आग्रहाने वाढलेली खिचडी एकदा मागच्या गटारात सापडली होती, तेव्हापासून मंडळीच्या पाळकसाहेबांनी हा नियम घातला होता.

नियम चांगलाच होता.

पुढे जे झालं, ते त्या नियमामुळेच झालं.

भिंतीच्या टोकाला बंद पडलेल्या पाणपोईचा ओटा होता. त्यावर मोतीबाई राहायची. मूळची अंबरनाथकडच्या एका गावची. गावाच्या जागी इमारती आल्या. इमारतींमध्ये मोतीबाईच्या वाट्याला जागा आली नाही. म्हातारी हट्टी होती. मंडळीतल्या कुणीही प्लेट पुढे केली, तरी ती नूतनची वाट बघायची.

"माझी बाय वाढील तेवाच जेवन," म्हणायची.

हे वाक्य नूतन मंडळीत साक्ष देताना, प्रभूचे आलेले अनुभव सर्वांपुढे मांडताना, हमखास सांगायची. आधी प्रभूचं नाव घ्यायची, मग मोतीबाईचं, शेवटी स्वतःचं. वेळ मात्र उलट्या क्रमाने द्यायची.

अशात मंडळीत बदलापूरहून मीनल येऊ लागली. वय कमी, आवाज गोड, आणि खिचडीत गाजर घालण्याच्या सूचना. नूतनने तिला पहिल्याच दिवशी मनापासून क्षमा केली. कशाबद्दल, ते ठरायचं होतं.

ते लवकरच ठरलं.

त्या शनिवारी नूतन प्लेट घेऊन ओट्यापाशी गेली. मोतीबाई तिच्याकडे बघून हसली. तोंड पुसलं. आणि म्हणाली...

"जेवले गो बाय. तुमची ती बाई आत्ताच वाडून गेली."

नूतनने मागे वळून पाहिलं. मीनल लांब उभी राहून कुणाला तरी ब्लँकेट गुंडाळत होती. अगदी साळसूद चेहऱ्याने.

नूतन परत ओट्याकडे वळली. नियमाप्रमाणे तिने मोतीबाईच्या डोक्यावर हात ठेवला. केस गार होते... नुकतेच कुणीतरी ओल्या हाताने थोपटल्यासारखे.

पुढच्या शनिवारीही तेच.

"रोज येते ती," मोतीबाई सांगू लागली. "दोन टायमाला. तुझ्यापरीस गरम असतं गो. वर तूप."

तूप! मंडळीची खिचडी तेलातली. नूतनच्या डोक्यात तूप असं काही बसलं, की बाकीचं तिला दिसलंच नाही.

ओट्यावर खरकटं नव्हतं. प्लेट नव्हती. भाताचं एक शीत नव्हतं.

भिंतीजवळची कुत्री खिचडीच्या वासाने धावत यायची. त्या दिवशी ती रस्त्यापलीकडे एका ओळीत बसली होती. ओट्याकडे बघत... गप्प.

मीनलने हाकलली असणार, असं नूतनने ठरवलं.

मोतीबाईच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत होत्या. नूतनला वाटलं, मोठ्या मापाच्या दिसतात. म्हणजे आता मीनलने हिला बांगड्याही भरल्या का?

घरी येऊन तिने पातेलं जरा जास्तच आदळलं. नवऱ्याने, सुजितने, मोबाईलमधून डोकं वर काढलं. काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू सेवा करतेस की इलेक्शन लढवतेस?"

त्या रात्री सुजितला वरण अळणी मिळालं.

नूतन उशिरापर्यंत स्वयंपाकघरात बसून रडली. आवाज दाबून, नाक ओढत. एका म्हातारीसाठी आपण असं रडतोय याची तिला लाज वाटली. मग लाजेसाठी पुन्हा रडली.

पुढच्या शनिवारी ती बाकीच्यांच्या आधीच निघाली. एकटी. डब्यात खिचडी, वर घरचं साजूक तूप. चोर रंगेहाथ पकडायचा होता.

भिंतीशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवे अजून लागायचे होते.

लांबूनच तिला आवाज ऐकू आला.

पातेल्यात डाव घासल्याचा...

तिने पाऊल उचललं. ओट्यासमोर कुणी नव्हतं. पातेलं नव्हतं. डाव नव्हता.

मोतीबाई एकटीच मांडी घालून बसली होती. तिने तोंड उघडलं. मिटलं. सावकाश चावलं. गिळलं. पुन्हा तोंड उघडलं... लहान मूल घास घेतं तसं, मान वर करून.

मग तिने डोळे मिटले. मान खाली गेली.

तिच्या डोक्यावरचे केस दबले. तळहाताएवढी जागा.

"आमेन," मोतीबाई म्हणाली.

केस सावकाश वर आले.

यानंतर कुणीही पळून गेलं असतं. नूतन पळाली नाही. तिला आधी राग आला. डोक्यावर हात ठेवायचं काम तिचं होतं.

"कोण वाढतं तुला?" तिने विचारलं.

मोतीबाईने डोळे उघडले. नूतनकडे पाहिलं. मग नूतनच्या खांद्याशेजारी पाहिलं.

"ही काय," ती म्हणाली. "तुझ्या बाजूलाच तर हाय."

नूतनने मान वळवली नाही. पदराआडून मोबाईल काढला आणि मीनलला फोन लावला. तिने उचलला. मागे वॉशिंग मशीन घरघरत होतं. मीनल बदलापुरात, स्वतःच्या घरात होती.

"तू मोतीबाईला आधी येऊन वाढतेस का?" नूतनने विचारलं.

पलीकडे मशीन बंद झालं.

"मला वाटलं, तुम्हीच जाता," मीनल म्हणाली. "मी किती जळले तुमच्यावर, ताई."

नूतनने मोतीबाईचं मनगट धरलं. हातात हाड आलं. बांगड्या जुन्याच होत्या, तिच्याच मापाच्या. हात उरला नव्हता.

तिने डबा उघडून घास पुढे केला. मोतीबाईने ओठ घट्ट मिटले. पोट भरलंय, म्हणाली. कोपऱ्यावरचा वडापाववाला सांगू लागला, की म्हातारी हल्ली त्याच्याकडूनही काही घेत नाही. रोज म्हणते, जेवले.

मीनल येईपर्यंत मोतीबाईची मान कलंडली होती. दोघींनी रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने तपासलं आणि थंडपणे सांगितलं, की हिच्या पोटात कित्येक दिवसांत अन्नाचा कण गेलेला नाही.

"तुमच्या कोण लागतात या?"

"आम्ही जेवण देतो," नूतन म्हणाली.

डॉक्टरने दोघींकडे पाहिलं. मग मोतीबाईच्या हाडकुळ्या मनगटाकडे.

सलाईन लागली. मोतीबाई शुद्धीवर आली, पण तोंडात काही घेईना. मरेल, असं नर्स म्हणाली. दोन दिवस नूतन पेजेची वाटी घेऊन खाटेशी बसून राहिली. मीनल पाय चेपत होती. नियम तोडून दोघी आग्रह करत होत्या. शपथा घालत होत्या. मोतीबाई नुसती दाराकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी, दिवे लागता लागता, नूतनने चमचा पुन्हा पुढे केला.

"माझ्या हातचं नको तर नको," ती म्हणाली. "मीनलच्या हातचं खा. पण खा."

आणि चमचा तिने खरोखरच मीनलच्या हातात दिला.

मोतीबाईने बराच वेळ दोघींकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. पेज पोटात गेली. घशातून उतरल्याचा आवाज आला... खरा.

त्याच वेळी नूतनच्या कानाशी कुणीतरी नाक ओढलं.

बाईमाणूस आवाज दाबून रडतं तसं. अगदी जवळ. मीनलचे डोळे कोरडे होते. शेजारची खाट रिकामी होती.

नूतनने तो आवाज कुणाला सांगितला नाही. असं रडणं तिला ठाऊक होतं. त्याची समजूत घालून काही उपयोग नसतो, हेही ठाऊक होतं.

मोतीबाई वाचली. आता बदलापूरजवळ एका वृद्धाश्रमात असते. चहा-चपातीवरून तिथल्या बायकांशी भांडते.

जानेवारीत मंडळी पुन्हा भिंतीशी गेली. ओटा रिकामा नव्हता. तिथे एक नवा माणूस बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, अंगाने धडधाकट. नूतनने प्लेट पुढे केली.

तो नम्रपणे हसला. तोंड पुसलं.

"जेवलो, ताई. आत्ताच."

नूतनने मीनलकडे पाहिलं. मीनलने रस्त्यापलीकडे, कुत्र्यांकडे पाहिलं.

मग दोघी त्याच्या दोन बाजूंना ओट्यावर बसल्या. मीनलने त्याचा हात धरला आणि नूतनने घास उचलला. तो नको नको म्हणत होता. उठू बघत होता. लोक थांबून बघायला लागले. पाळकसाहेब लांबून खुणा करत होते.

तो खरंच जेवला होता का, ते त्या दोघींना आजतागायत माहीत नाही.

पण त्यांनी त्याला सगळी प्लेट खायला लावली.