काळी राहू दे

गेल्या श्रावणात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघत होते. ‘बरं’ आणि ‘ते’. चहा हवा असला तरी ‘ते’, नको असला तरी ‘ते’. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. दुसऱ्यांच्या वडिलांची बोटं हलवून मी पोट भरते. त्यामुळे उजवा हात का लुळा पडला, शब्द का सापडत नाहीत, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण कळणं वेगळं आणि रोज सकाळी त्या माणसासमोर बसणं वेगळं. मला सगळं बोलणं नको होतं, एकच शब्द परत हवा होता. अण्णा मला ‘बंड्या’ म्हणत. चेतना हे नाव त्यांनीच हौसेनं ठेवलं आणि स्वतः कधी वापरलं नाही.

अण्णा, म्हणजे चिंतामणी मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. मूळ गाव करकंब. लहानपणी तिथं कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक नखासकट गेलं. त्या आखूड बोटाला ते ‘आखूडबुवा’ म्हणायचे. मी रुसले की आखूडबुवा जेवणाच्या टेबलावर दोनदा टकटक करायचा आणि अण्णा विचारायचे, “बंड्या, बुवा इचारतेत, राग अजून किती येळ चालनार हाय?” वर्गात शुद्ध बोलणारा हा माणूस बुवाच्या तोंडी मात्र करकंबची बोली घालायचा. आईच्या माघारी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहिलो, आणि तिसरा बुवा.

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो श्रीरंग कुमठेकरांना. कृष्णधवल पडद्यावरचे नायक, पण सोलापूरचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी आमच्याकडे त्यांच्याबद्दल ‘होते’ असं कुणी पटकन म्हणत नाही. त्यांच्या एका चित्रपटात क्लबमधलं गाणं आहे. पांढरा सूट घालून ते बिलियर्डच्या टेबलाभोवती गात फिरतात, शेवटी वाकतात आणि डावा हात कापडावर टेकतात. तो हात पडदाभर दिसतो. लांबसडक बोटं, स्वच्छ कापलेली नखं. मग ते मान वर करून थेट आपल्याकडे बघून हसतात. अण्णा शाळेतल्या पोरांना सांगायचे, हात काढायचा तर असा काढा. झटक्यानंतर मी ते गाणं त्यांना रोज टीव्हीवर लावून देत असे, कारण तेवढा वेळ त्यांची नजर एका जागी ठरायची आणि उजवा अंगठा किंचित हलायचा. उपचार म्हणून लावलेलं गाणं मला इतकं पाठ झालं की डोळे मिटूनही तो हात दिसायचा.

म्हातारपणी कुमठेकर मुंबई सोडून सोलापुरात येऊन राहिले आणि दुपारच्या वेळी भवानी पेठेत मल्लप्पाच्या पूल पार्लरमध्ये खेळायला येऊ लागले. खाली चादरींचं गोदाम, वर एक लांबट खोली, आणि तीन बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. तो खडखडाट इतका सतत असतो की तिथल्या लोकांना तो ऐकूच येत नाही. भिंतीवर मल्लप्पानं मासिकांतून कापलेले फोटो फ्रेम करून लावलेत. क्रिकेटपटू, नट्या, एक मंत्री, सगळे हातात काठी घेऊन टेबलावर वाकलेले. अण्णांच्या मते त्यातल्या निम्म्यांनी काठी झाडूसारखी धरलीय. “फोटोपुरते खेळाडू,” ते म्हणायचे. खरं खेळणारा एकच, आणि तो अण्णांबरोबर खेळायचा. दोघं फारसं बोलत नसत. कुमठेकर लहान पोरालासुद्धा ‘आपण’ म्हणत. मी कॉलेजातून अण्णांना न्यायला गेले की उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, “या. अण्णा आपलीच वाट पाहताहेत.” मला फार संकोच वाटायचा आणि आवडायचंही.

त्यांच्या शेवटच्या डावाला समोर अण्णाच होते. मल्लप्पाकडे चेंडूंना गोट्या म्हणतात. सगळ्या रंगीत गोट्या संपल्या होत्या, काळी तेवढी उरली होती आणि बारी कुमठेकरांची होती. त्यांनी काठी टेबलाला टेकवली, घाम पुसला आणि म्हणाले, “काळी राहू दे, अण्णा. येतो मी.” घरी जाताना रिक्षातच त्यांचा प्राण गेला.

तेव्हापासून दर स्मृतिदिनी मल्लप्पाकडे एक रीत पाळतात. फोटोला हार घालायचा, पेढे वाटायचे, जुन्या मंडळींनी एक डाव खेळायचा आणि काळी शिल्लक ठेवायची. मग साहेबांची काठी टेबलाला टेकवून सगळ्यांनी खाली चहाला जायचं. नैवेद्य दाखवून देवघराचं दार ओढून घेतात, तसं मल्लप्पा ते दार ओढून घेतो. चहा पिऊन आलं की तो काळी हातानं उचलून ठेवून देतो. काठीनं ती कुणी मारायची नाही. मला या सगळ्याचं हसू यायचं. अण्णांना मात्र कधी आलं नाही. चहा पिताना ते जिन्याकडे कान लावून बसत.

यंदा मे महिन्यात स्मृतिदिन आला तेव्हा मी अण्णांना घेऊन गेले. ओळखीची जागा, ओळखीचे आवाज, कदाचित काही जागं होईल, असा माझा साधा हिशेब होता. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. मल्लप्पा आणि त्याचा पुतण्या बिरदेव, दोघांनी अण्णांना खुर्चीसकट वर नेलं. मल्लप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अण्णांच्या शाळेतला विद्यार्थी, आणि अण्णा त्याला अजूनही ‘मल्लू’ म्हणायचे, म्हणजे बोलत होते तोवर.

“अण्णा, वळख लागली का?” त्यानं विचारलं.

“बरं,” अण्णा म्हणाले.

वाळ्याचा कूलर चालू होता, त्याचा ओला वास खोलीभर होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर कुमठेकरांचा तोच चित्रपट लावला होता. हार झाला, पेढे झाले, जुन्या मंडळींचा डाव झाला. हिरव्या कापडावर काळी आणि जिनं मारायचं ती पांढरी, एवढ्याच उरल्या. मल्लप्पानं काठी टेबलाला टेकवली आणि मंडळी एकेक करून जिना उतरू लागली. अण्णांना खाली-वर करणं अवघड होतं.

“आम्ही इथंच थांबतो,” मी म्हणाले.

मल्लप्पा घुटमळला. “ताई, त्या टायमाला आत कुनी बसत न्हाय.”

“अण्णांना कुठं खाली-वर करता? आणि साहेबांना अण्णा परके आहेत का?”

“तसं न्हाय की,” म्हणत तो गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी अण्णांशेजारी बसले. टीव्हीवर क्लबचं गाणं सुरू झालं. कुमठेकर गात टेबलाभोवती फिरत होते. अण्णा बघत होते. मला उन्हानं गुंगी आली होती, कूलरच्या गार वाऱ्यात डोळे मिटत होते. सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं.

मग लाइट गेली.

भवानी पेठेत लाइट जाते तेव्हा आधी कळतं ते कानांना. शेकडो माग एकदम थांबतात आणि अशी शांतता पडते की आपलाच श्वास परका वाटतो. कूलर घरघरून थांबला. टीव्हीची काच काळी पडली. बंद खिडक्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत आल्या होत्या, त्यांत धूळ तरंगत होती.

गाणं चालूच होतं.

मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी गुणगुणावं तसं. मी म्हटलं, खाली कुणाचा तरी मोबाईल असेल. मग गाण्यात जिथं गोटीवर गोटी आपटल्याचा आवाज येतो, तिथं तो आला. तो टेबलावरून आला. काळी आणि पांढरी जागच्या जागी होत्या.

अण्णा उठले.

कुणी धरलं नव्हतं. माझा हात पुढे गेला होता, पण त्यांच्यापर्यंत पोचला नाही. ते टेबलाजवळ गेले. साहेबांची काठी उचलली. उजव्या हातानं उचलली. ज्या अंगठ्यासाठी मी महिनोन् महिने चेंडू दाबून घेतले, कणकेचे गोळे मळून घेतले, तो अंगठा काठीभोवती सहज मिटला. मी रडायला लागले. कसली रीत आणि कसलं काय, मला तो हात दिसत होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं.

“मारा, अण्णा,” मी म्हणाले.

ते वाकले. डावा हात कापडावर टेकला.

काळी अगदी हळू गेली. भोकाच्या कडेला क्षणभर थांबली आणि आत पडली.

गाणं थांबलं.

“थोडा उशीरच झाला,” अण्णा म्हणाले. स्पष्ट. एकेक अक्षर सुटं आणि गोल.

मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. त्यांनी हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला. परक्या घरातल्या रडणाऱ्या मुलीच्या पाठीवर आपण ठेवतो, तसा. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

लाइट आली, माग पुन्हा खडखडू लागले आणि मल्लप्पा दार ढकलून आत आला. त्यानं टेबलावर एकटी उरलेली पांढरी पाहिली. मग काठी हातात घेऊन उभे असलेले अण्णा पाहिले.

“काळी कुनी मारली?”

“मीच, मल्लप्पा,” अण्णा म्हणाले. “बारी माझीच होती.”

मल्लप्पा एक पाऊल मागे सरला आणि दाराच्या चौकटीला टेकला. पेढ्यांचं ताट त्याच्या हातात तसंच राहिलं. आम्ही निघालो तेव्हा तो खाली रिक्षापर्यंत आला, पण अण्णांना हात लावला नाही. मला एवढंच म्हणाला, “ताई, अन्ना मला मल्लू म्हनायचे.” मी चिडले. म्हटलं, महिनोन् महिने मुका असलेला माणूस बोलला, त्याचा आनंद करायचा सोडून तू हे काय मोजत बसलास?

त्यानंतर अण्णा झपाट्यानं सुधारले. डॉक्टरांनी पाठ थोपटली ती माझी. शेजारी बघायला यायचे. अण्णा उठून उभे राहत, सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणत, बिनसाखरेचा चहा मागत. पूर्वी त्यांना दोन चमचे साखर लागायची. मी स्वतःला समजावलं की आजारानं आवडीनिवडी बदलतात, पेशंटांमध्ये पाहिलंय मी. बोलणं परत येताना कधीकधी औपचारिक भाषा आधी येते, घरगुती मागाहून येते, असंही समजावलं. असं कुठं वाचलं होतं की मीच रचलं, आता आठवत नाही. ते मला ‘चेतनाबाई’ म्हणत. “चेतनाबाई, आपण जेवलात का?” इतकं मायेनं विचारत की राग कुणावर करायचा तेच कळेना. मी मुद्दाम रुसून पाहिलं. ताट तसंच ठेवून टेबलाशी बसून राहिले. ते समोर बसले, काळजीनं बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “माझं काही चुकलं का?” टेबलावर त्यांचे दोन्ही हात शांत होते.

काल रविवार होता. दर रविवारी मी अण्णांची नखं कापते, आजारापासूनची सवय आहे. बघायला येणाऱ्यांच्या वर्दळीत मधले रविवार हुकले होते. बाल्कनीत ऊन उतरलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. ते पेपर वाचत होते, मी आधी उजवा हात घेतला, मग डावा. करंगळी, अनामिका, मधलं बोट. हात आपल्या सवयीनं चालतो, मन भलतीकडेच असतं. तर्जनीचं नख कापून मी अंगठ्याकडे वळले आणि मग थांबले.

तर्जनीचं नख.

ते माझ्या मांडीवरच्या कागदावर पडलं होतं, बाकीच्यांसारखंच, चंद्रकोरीच्या आकाराचं. मी त्यांचा हात पुन्हा उचलला. लांबसडक बोटं होती. पाचही.

“काय झालं?” त्यांनी पेपर खाली घेऊन विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

कागदाची पुडी करून मी आत आले आणि टीव्ही लावला. आवाज बंद ठेवला. क्लबचं गाणं. पांढरा सूट, बारीक मिशी, ओळखीची गिरकी, सगळं होतं तसंच. ते वाकले. डावा हात कापडावर टेकला आणि पडदाभर झाला.

तर्जनी आखूड होती.

तिनं कापडावर दोनदा टकटक केलं. मग अण्णांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसले.