बंद मशीनचे ठोके

"दार लोटून घे गं. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसायचं नाही. ही माझ्या थोरल्या वहिनींच्या, म्हणजे तुमच्या मोठ्या काकूंच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे."

"काका, भूत आहे ना पण यात?" धाकट्या पुतणीने विचारलं.

"आधी ऐक तरी."

वहिनी दवाखान्यात हृदयाचा आलेख काढतात. गेल्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, त्या छोटं मशीन घेऊन मैदानावर गेल्या होत्या. तपासणीशिवाय कुणालाही धावू द्यायचं नाही, असा नियम. पडद्याआड एकेक मुलगी येऊन झोपायची. वहिनी विचारायच्या, "धावताना कधी चक्कर आली? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं?"

शेवटी उरली मुलींच्या प्रशिक्षकांची स्वतःचीच मुलगी.

"ताई, हिला तपासायला गेलात तर तुमचं मशीनच धापा टाकेल!" प्रशिक्षक हसले. "घरात कुणी गेलेलं नाही. तंदुरुस्त लिहा नि मोकळ्या व्हा."

मुलगी खाली मान घालून उभी होती. उशीर झालेला. वहिनींनी लिहून दिलं खरं, पण मन खात राहिलं.

तीच शनिवारची रात्र. पावणेदहा. वहिनी स्कूटरवरून घरी निघाल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

डिकीतून आवाज आला.

टिक... टिक...

छातीच्या ठोक्याबरोबर मशीन वाजतं, तो आवाज. वहिनींनी स्कूटर थांबवली. डिकी उघडली. मशीन बंद. वायरी गुंडाळलेल्या.

टिक... टिक... टिकटिकटिक...

मग काहीच नाही.

"देवा, सांभाळ रे तिला," एवढंच त्या म्हणाल्या. आणि स्कूटर वळवली.

प्रशिक्षकांच्या घराचं दार मुलीच्या आईने उघडलं.

"मला फक्त खरं सांगा," वहिनी म्हणाल्या. "घरात कुणी..."

आई भिंतीला टेकली. "थोरली. दोन वर्षं झाली. धावता धावताच पडली. हे म्हणतात, ऊन लागलं. पुढं बोलूच देत नाहीत."

"धाकटीला तरी तपासू द्या. आत्ताच."

प्रशिक्षक मागे येऊन उभे राहिले होते. ते बाजूला झाले.

आतल्या खोलीत मुलगी झोपली होती. वहिनींनी तिला हलवलं.

"पुन्हा?" ती झोपेतच म्हणाली. "आत्ताच तर झाली तपासणी."

"कुणी केली, बाळा?"

तिनं पलंगाच्या पलीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

वहिनींनी मशीनच्या वायरी सोडवल्या.

आलेखात दोष निघाला. शर्यत गेली. पोर ढसाढसा रडली, बापाशी महिनाभर बोलली नाही. पण वेळेत शस्त्रक्रिया झाली. आज हिंडतेय, फिरतेय. देवाची कृपा.

"म्हणजे भूत नाहीच!" पुतणी हिरमुसली.

काकांनी आवाज खाली आणला.

"त्या मशीनच्या वाट्या असतात, छातीला चिकटवायच्या. फासळ्या बोटांनी मोजून, ठरलेल्या सहा जागी. त्यांचे गोल लाल वळ उठतात. तासाभरात जातात. त्या रात्री वाट्या लावायला वहिनींनी मुलीचा सदरा सारला... सहाही वळ आधीच होते. नेमके जागच्या जागी."

"मग?"

"मग काय... अजून आहेत."