बंद कॉम्प्युटरचा आवाज

९.१० – टिट्-टिरिरि, टिट्-टिरिरि, टर्रर्र.

"लिहिलंस?" चुलतभाऊ मननने विचारलं. "मेकॅनिक जळगावहून चारला येणार. आवाज कधी येतो, कसा येतो, सगळं टिपून ठेवा म्हणालाय."

चेलनाने वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली. सुट्टीत धुळ्याहून चोपड्याला मोतीलालकाकांकडे आल्यापासून तिला कोणी कशाला हात लावू देत नव्हतं. आजचं मात्र हे दुसरं काम. पहिलं झाडलोटीचं. इंदूरचा व्यापारी केळी बघायला येणार, म्हणून काकांनी गोदामातला पसारा आवरायला सांगितला होता. तिने झाडू मारला, पोती घडी करून ठेवली, दारादारांत पडलेल्या चपला फळीवर ओळीने लावल्या. "वा, धुळेकर!" असं काका म्हणाले होते.

गोदामात केळी पिकवायच्या तीन खोल्या होत्या. आतून थर्माकोलने मढवलेल्या, हवाबंद. दोन नंबरच्या खोलीला लागून काकांचं ऑफिस आणि त्याच भिंतीला टेकवलेल्या टेबलावर हा जुना कॉम्प्युटर.

"पंखा गेलाय त्याचा," काका जाता जाता म्हणाले आणि त्यांनी सीपीयूला एक थाप मारली.

९.२२ – पुन्हा तोच. थाप मारूनही.

"पंखा घरघरतो," मनन म्हणाला. "हे तर कुणाचे दात वाजतायत असं वाटतंय. हार्ड डिस्क असणार."

"भूत असेल," मननची धाकटी बहीण विधी म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि प्रत्येक गोष्टीचं तिच्याकडे हेच उत्तर असायचं.

"मग मेकॅनिकला सांग, येताना मांत्रिक घेऊन ये."

चेलनाने सीपीयूला कान लावला. आत नुसती गुणगुण होती. तिने कॉम्प्युटर सरळ बंद केला.

९.४१ – कॉम्प्युटर बंद. तरीही.

विधीने मननचा शर्ट घट्ट धरला.

पडदा काळा होता. फक्त स्पीकरवरचा हिरवा ठिपका जळत होता. चेलनाने वायर चाचपली. स्पीकरची पिन वेगळी होती. तिने आवाजाचं बटण शून्यावर नेलं. टर्रर्र काही कमी झाली नाही.

"आवाज कॉम्प्युटरचा नाहीच," ती हळू म्हणाली. "आमच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरकाकांकडे बटणाचा मोबाइल आहे. तो रेडिओपाशी ठेवला की रेडिओ असाच टर्रटर्रतो आणि लगेच फोन वाजतो. जवळच कुठेतरी तसला फोन आहे, आणि त्यावर कुणीतरी फोन करतंय."

"इथे बटणाचा फोन एकट्या अमीनभाऊंकडे," मनन म्हणाला. "पण ते तर नाहीत."

अमीनभाऊ वीस वर्षं या खोल्या सांभाळत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी चेलनाला बजावलं होतं, "दार उघडलं की आधी आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, मग आपण आत. घाई केली की केळी माणसालाच पिकवतात." आज सकाळी कामावर येऊन ते पुन्हा कुठे दिसेनात, तेव्हा काका चिडून म्हणाले होते, "बोदवडला गेला असेल. बायको शहनाज तिथे माहेरी आहे. काल रजा मागितली, मी नाही म्हटलं. रुसून बसला गाडीत. बघतो आल्यावर."

बोदवडला गेलेल्या माणसाचा फोन इथे कसा वाजेल?

९.५० – पुन्हा.

काका अंगणात व्यापाऱ्याशी बोलत होते. मोबाइल शेजारच्या क्रेटवर पडला होता. चेलना काही सांगायला गेली, तर त्यांनी नुसता हात केला: नंतर.

मग विधी पाण्याचा तांब्या घेऊन गेली आणि तिने तो नेमका व्यापाऱ्याच्या बुटांवर सांडला. त्या आरडाओरड्यात मननने मोबाइल उचलला.

ऑफिसात येऊन त्याने अमीनभाऊंचा नंबर लावला. आधी स्पीकर टर्रटर्रला. मग मोबाइलमध्ये रिंग ऐकू आली.

चेलनाने स्पीकर हातात घेतला आणि वायर पुरेल तिथपर्यंत भिंतीवरून फिरवला. वर नेला तशी टर्रर्र बारीक झाली. खाली आणला, फरशीपाशी आला, आणि तो किंचाळायलाच लागला.

"फोन जमिनीलगत आहे," ती म्हणाली. "भिंतीपलीकडे."

"पलीकडे दोन नंबर आहे," मनन म्हणाला.

वही इथे थांबते. टिपायला कुणाला वेळ उरला नाही.

"काका, दोन नंबर उघडा," चेलना धावत येऊन म्हणाली.

"खेळ पुरे झाला. नऊच्या आधी मीच कडी घातलीय तिला."

"आत अमीनभाऊ आहेत."

"असं कसं असेल? आत माणूस असला की त्याच्या चपला दारात असतात. वीस वर्षांचा नियम आहे. मी बघूनच कडी घातली. चपला नव्हत्या."

चेलनाने फळीकडे पाहिलं. ओळीतला तिसरा जोड तपकिरी होता, पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. सकाळी तिनेच तो दोन नंबरच्या दारातून उचलला होता. तिने नुसतं बोट दाखवलं.

काका जागीच उभे राहिले. आधी व्यापारी धावला, त्याच्यामागे ते.

दार उघडलं तसा गोड, जड, गार वास अंगावर आला. मनन आत घुसायला निघाला. चेलनाने त्याची कॉलर धरून मागे ओढलं. "आत हवा नाहीये! दार उघडं राहू दे!"

थोड्या वेळाने दोघं मोठे श्वास रोखून आत गेले आणि क्रेटांमागून अमीनभाऊंना पायाला धरून ओढत घेऊन आले. ओठ निळे पडले होते. छाती हलतेय का, हे कळायलाही वाकून बघावं लागलं.

हलत होती.

त्यांच्या खिशात फोन वाजला. काकांचा हात पुढे होईना. चेलनाने फोन घेतला.

"अहो, किती वेळा लावायचा?" बाईचा आवाज होता. "रजा मिळाली का?"

"शहनाजचाची," चेलना म्हणाली, "तुम्ही या. ते आहेत, पण तुम्ही या."

अमीनभाऊ चार दिवस दवाखान्यात होते. मननने वही त्यांच्या फोनशेजारी धरली. न उचललेले फोन: ९.१०, ९.२२, ९.४१, ९.५०. चारही शहनाजचाचींचे. त्यानंतरचा मननने काकांच्या मोबाइलवरून केलेला.

चौथ्या दिवशी आजोबा आले. भिकमचंदशेठ, घरात सगळ्यांचे नाना. खाटेभोवती सगळे जमले असताना त्यांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरांनी माणूस वाचवला. आपल्या घराण्यात एवढं कोणी केलं नव्हतं."

सगळे हसले. चेलना हसली नाही.

"नाना, चपला मी हलवल्या होत्या."



"कडी मी घातली," काका खाली बघत म्हणाले. "आत जाऊन बघितलं नाही. आतून उघडायची कडी दिवाळीपासून तुटलीय, तीही मीच बसवून घेतली नाही. व्यापारी येतोय म्हणून सकाळी अमीनला घाई केली, तीही मीच."

नानांनी शाबासकी परत घेतली नाही. पण त्यांचा हात बराच वेळ चेलनाच्या डोक्यावर तसाच राहिला.

अमीनभाऊंचा आवाज बसला होता. "पोरी, तुले कोनी सांगेल नव्हतं," ते म्हणाले. त्यावर चेलनाला इतकं रडू आलं की परिचारिकेने सगळ्यांना बाहेर काढलं.

सोमवारी ते कामावर आले. दोन नंबरला आतून नवी कडी बसली होती. त्यांनी दार उघडलं, हवा जाऊ दिली, दारात चपला काढल्या आणि आत गेले.

चेलना त्या चपलांशेजारी जाऊन बसली. एका हातात वही, एका हातात काकांचा मोबाइल. दर पाच मिनिटांनी ती नंबर लावायची. आधी ऑफिसातला स्पीकर टर्रटर्रायचा, मग मोबाइलवर आतून घोगरा आवाज यायचा, त्यांच्या बोलीत ‘आहे’ म्हणणारा.

"शे मी, पोरी."

१०.०५ – शे.

१०.१० – शे.

१०.१५ – स्पीकर वाजला. आतून फोन उचलला गेला नाही. चेलना उठून उभी राहिली.

"शे, शे," अमीनभाऊ म्हणाले. "हातात घड होता."