सतरा नंबरची तलवार

"चोरी मी केलेली नाही," दारातल्या बाईनं आत येण्याआधीच सांगून टाकलं. "पण उद्या बारा वाजता ती माझ्या नावावर लागणार आहे."

भावजींनी तिला आपली खुर्ची दिली आणि ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कचेरीत खुर्च्या दोनच. दुसरीवर धाकटी बसली होती.

धाकटी म्हणजे भावजींच्या बायकोची धाकटी बहीण. ती खासगी तपासाची कामं घेई. बायको गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, भावजी रोज सकाळी तिच्या कचेरीत येऊन बसत. घरी त्यांना हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते तिची वही धरत, तिच्याबरोबर हिंडत आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसावर संशय घेत. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाकडून याहून जास्त अपेक्षा धाकटीही करत नसे.

"बसा," धाकटी म्हणाली. "संग्रहालयात काम करता?"

"कशावरून?"

"बोटांच्या कडा हिरव्या आहेत. तांब्याचा गंज."

बाई पहिल्यांदाच थोडं हसली. "म्हणून तर सगळे मला हिरवीताई म्हणतात. जुनं ब्रॉंझ साफ करून टिकवायचं, हे माझं काम."

तिची हकीकत सरळ होती. तीन वर्षांपूर्वी दलदलीच्या काठावर चर खणताना एक खड्डा लागला. खड्ड्यात एकतीस शस्त्रं होती. तलवारी, भाल्यांची पाती, कुऱ्हाडी, सगळी तीन हजार वर्षांपूर्वीची, टोकं एकाच दिशेला करून नीट रचलेली. उत्खननप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, ती ब्रशनं एकेक मोकळी केली. पुढचं सगळं हिरवीताईनं एकटीनं केलं.

"प्रत्येक शस्त्र हवाबंद डब्यात असतं. सोबत ओल शोषणारे निळे मणी. ओल लागली की ब्रॉंझ आतून सडतं. म्हणून वर्षातून एकदाच सगळे डबे उघडायचे आणि प्रत्येकाचं वजन करायचं. गेल्या गुरुवारी सतरा नंबरची तलवार काट्यावर ठेवली, वजन जुळेना. मोजली, तर साठ सेंटिमीटरला नऊ मिलिमीटर कमी. आता तलवार काही धुतल्यावर आटत नाही."

"नकली?"

"नवं ब्रॉंझ, वरून गंजाचा रंग. मी तडक सरांना सांगितलं. मीच सांगितलं हो! आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणून चौकशीही माझीच. चोर सोडून संन्याशाला फाशी. उद्या समिती बसते आहे."

"एक्स-रे नाहीत? आतली खूण जुळवता आली असती."

"यंत्र दीड वर्ष बंद आहे. एकाही शस्त्राच्या आत काय आहे, ते अजून कुणी पाहिलेलं नाही."

"डबा बाहेर कुणाकुणाकडे गेला?"

"वहीत तीन सह्या आहेत. मार्चमध्ये साचेवाल्याची, एप्रिलमध्ये टिंबकाकांची, ऑगस्टमध्ये सरांची."

"आणि नोकरी गेली तर?" भावजींनी विचारलं.

हिरवीताईनं पिशवीचा बंद दोन वेळा गुंडाळला. "तीन वर्षं मी त्या एकतीस जणींशीच बोलते आहे, भाऊ. घरी तेवढ्याही नाहीत."

साचेवाला संग्रहालयाच्या तळघरातल्या कारखान्यात भेटला. गडी बोलका होता.

"मी साचा घेतला, दोन दिवसांत तलवार परत दिली. अहो, ताईनं माझ्यासमोर मोजून घेतली! चोरायची असती तर मोजायला कशाला थांबलो असतो?"

"साच्यातून काय काय बनवलंत?" धाकटीनं विचारलं.

"पहिला नमुना ब्रॉंझचा ओतला. तो गेला वाया. तापलेलं ब्रॉंझ थंड होताना आकसतं बघा. साठ सेंटिमीटरला जवळजवळ एक सेंटिमीटर. सर म्हणाले, आखूड चालणार नाही. मग प्रदर्शनासाठी प्लास्टिकची केली."

"वाया गेलेला नमुना?"

"बाहेरच्या पॅसेजात रद्दीचं खोकं आहे, त्यात टाकला." त्यानं जाऊन खोकं उपसलं आणि डोकं खाजवलं. "च्यायला! होता की इथं."

"म्हणजे नकली तलवार ती हीच," जिना चढताना भावजी म्हणाले. "पण खोकं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात."

"बरोबर. त्यामुळे साचेवालाही सुटत नाही, दुसरं कुणीही सुटत नाही."

सरांच्या खोलीत पुस्तकं खुर्चीवरही होती आणि सर उभ्याउभ्याच बोलले.

"ऑगस्टमध्ये माझं व्याख्यान होतं. दोन तास तलवार माझ्याकडे होती. दोनशे लोकांपुढं मी ती उंच धरून दाखवली."

"तेव्हा काही वेगळं जाणवलं?"

"नाही. मी खड्डा वाचतो, बाई. धातू ती वाचते. हिरवीताईनं हे केलं असेल असं मला वाटत नाही. पण समितीला वाटण्याशी कर्तव्य नाही, किल्लीशी आहे."

"तो खड्डा काय सांगतो?" भावजींनी उगाचच विचारलं.

"इतकंच, की ज्यानं पुरलं त्याला परत यायचं होतं. वर खुणेचा दगड होता. आला नाही."

बाहेर आल्यावर भावजींनी वहीत तेवढंच लिहिलं: आला नाही.

टिंबकाका संग्रहालयाचे चित्रकार. वस्तूचं चित्र छायेसकट नुसत्या टिंबांनी उभं करायचे, म्हणून ते नाव पडलेलं. अहवालाची चित्रं पूर्ण करायला ते एप्रिलपासून घरूनच काम करत होते. तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. खिडकीशी उतरतं टेबल, एक कॉट, एक खुर्ची, फळीवर एक कप. पाहुण्यांसाठी चहा त्यांनी कपात आणि दोन वाट्यांत ओतला. ओतताना थोडा सांडला.

"या खोलीत तिघं एकदम बसल्याला अकरा वर्षं झाली असतील," ते म्हणाले.

शेगडीवर एका पसरट तव्यात निळे मणी तापत पडले होते. भावजींना हिरवीताईच्या डब्यातले मणी आठवले. "हे काय, काका?"

"ओल फार आहे हो इथं. कपाटात ठेवतो. गुलाबी पडले की तापवायचे, पुन्हा निळे होतात."

धाकटीनं सतरा नंबरच्या तलवारीचं चित्र मागितलं. काकांनी कागद दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला. खऱ्या मापाचं चित्र. धाकटीनं पट्टी लावली. बरोबर साठ सेंटिमीटर. गंजाचा खड्डान् खड्डा टिंबांत उतरला होता. पात्याच्या शेजारी एक बारकं, पानासारखं काळं चित्र होतं.

"हा छेद," काका म्हणाले. "पातं आडवं कापलं तर कसं दिसेल, ते. काळा भाग म्हणजे धातू."

"कापत तर नाही ना?" भावजी हसले.

"छे! सुयांचा एक कंगवा असतो. पात्यावर दाबला की बाहेरचा आकार उमटतो. आत काळी शाई भरायची, झालं."

"इथं मात्र शाई राहिली वाटतं." भावजींनी बोट ठेवलं. काळ्या पानाच्या मध्यावर तिळाएवढी पांढरी जागा होती.

काकांनी चष्मा काढून पुसला. "असेल."

"सगळी एकतीस चित्रं बघू?" धाकटीनं विचारलं. ती तिनं एकेक करून भिंगाखाली पाहिली. त्यात अर्धा तास गेला. निघताना ती म्हणाली, "फार खरी चित्रं आहेत, काका."

"चाळीस वर्षं झाली. न दिसलेलं टिंब टाकलं नाही, दिसलेलं गाळलं नाही. दुसरं काही जमवलं नाही आयुष्यात."

"चार वाजता प्रयोगशाळेत या. ती तलवारही घेऊन या."

"चित्र म्हणता?"

"चित्र मी घेऊन जाते आहे," धाकटी म्हणाली.

काकांनी दार लावलं नाही. जिन्याच्या वळणावरून भावजींनी मागं पाहिलं, तेव्हा ते तसेच चौकटीत उभे होते.

"अगं, पण चोर तर सर!" रस्त्यात भावजी म्हणाले. "एप्रिलमधलं चित्र साठ सेंटिमीटरचं आहे. म्हणजे काकांपुढं खरी तलवार होती. त्यानंतर डबा फक्त सरांकडे गेला. सरळ हिशेब आहे."

"सरळ आहे, भावजी. म्हणूनच चार वाजेपर्यंत कुणापाशी बोलू नका."

चारला प्रयोगशाळेच्या लांब टेबलाभोवती साचेवाला, सर आणि हिरवीताई बसले होते. मध्ये नकली तलवार आणि तिचं चित्र. टिंबकाका सर्वांत शेवटी आले. हातात लांबट पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"नकली तलवार कुठून आली ते सोपं आहे," धाकटीनं सुरुवात केली. "रद्दीच्या खोक्यातला आकसलेला नमुना. रंग कुणीही लावू शकतो. प्रश्न एवढाच, की अदलाबदल कधी झाली? साचेवाल्यांकडून परत आलेली तलवार ताईंनी स्वतः मोजली, ती खरी होती. त्यानंतर गेल्या गुरुवारपर्यंत कुणी मोजलीच नाही. काकांचं चित्र साठ सेंटिमीटरचं, म्हणजे त्यांच्या टेबलावरही खरीच होती. उरले सर."

सरांनी मान ताठ केली.

"पण त्या टेबलावर ती अखंड नव्हती."

धाकटीनं भिंग छेदाच्या चित्रावर ठेवलं.

"काळ्या धातूत ही पांढरी जागा. भावजी म्हणाले, शाई राहिली. मग बाकीच्या तीस चित्रांत कुठं राहिली आहे का, ते मी पाहिलं. एकाही ठिकाणी नाही. जागेची कड बारीक निबानं आखलेली आहे. म्हणजे ही मुद्दाम सोडलेली आहे. धातूच्या आत पोकळी आहे. सुयांचा कंगवा बाहेरचाच आकार देतो. एक्स-रे यंत्र दीड वर्ष बंद. मग पात्याच्या आतलं काकांना दिसलं कसं?"

"तुटलं तरच दिसेल," हिरवीताई हळूच म्हणाली.

"तुटलं तरच. दोन तुकडे जुळवून काकांनी तलवार काढली आणि मोडल्याची रेघ गाळली. ही त्यांची पहिली लबाडी. पण छेद काढायला घेतला, तेव्हा डोळ्यांना दिसलेलं हातानं गाळवेना. आणि एक राहिलं. कपाटाची ओल घालवायला कुणी संग्रहालयातले मणी तव्यावर भाजत नाही. ते ब्रॉंझसाठी असतात."

काकांनी डबा टेबलावर ठेवून उघडला. निळ्या मण्यांवर कापडाची घडी होती आणि घडीवर तलवारीचे दोन तुकडे.

"उलटी करताना हातातून निसटली," ते म्हणाले. "टेबलाच्या कडेवर आपटली. हात थरथरतो माझा, वर्ष झालं. कळलं असतं तर काम काढून घेतलं असतं. मग त्या खोलीत मी करू काय? दर आठवड्याला मणी बदलले. तिला ओल लागू दिली नाही."

"आणि मला?" हिरवीताईचा आवाज चढला नाही. "सहा दिवस माझी चौकशी चालली आहे, काका. तुम्हाला ठाऊक होतं."

"उद्या सांगणार होतो."

"बाराच्या आधी की नंतर?"

सरांनी कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. काकांनी समितीला उद्देशून चार ओळी लिहिल्या. अक्षर वाकडं आलं. सही करून कागद त्यांनी सरांना नाही, हिरवीताईला दिला.

तिनं तो वाचला, खिशात ठेवला आणि दिवा ओढून तुकडे पाहू लागली. मोडलेल्या तोंडावर, अगदी मध्ये, गोल पोकळी होती.

"ओतताना हवेचा बुडबुडा राहिला आहे," ती म्हणाली. "पातं इथं पहिल्या दिवसापासूनच कच्चं होतं. माझ्या हातात मोडलं नाही, हे माझं नशीब." तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी आणून दिली असतीत, तर त्याच आठवड्यात जोडून ठेवली असती. कुणी तुम्हाला काही बोललं नसतं."

"आता जुळेल?" काकांनी विचारलं.

"जुळेल. पण डिंक सुकेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी टोक धरून बसावं लागतं. दोन तास, न हलता."

काका खुर्चीवरून अर्धवट उठले.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुमचा हात हलतो."

ते पुन्हा बसले. साचेवाला छताकडे पाहू लागला.

हिरवीताईची नजर टेबलावरून फिरत भावजींवर थांबली. "तुम्हाला वेळ असतो का हो, भाऊ?"

भावजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी चित्र गुंडाळण्यात गुंतली होती, किंवा तसं दाखवत होती.

"असतो," ते म्हणाले. "किती वाजता येऊ?"