हंबीररावांच्या घरची बट

शेचाळीस सालच्या पौषातली गोष्ट. आष्ट्याच्या आकारामची बायको राहीबाई अडली, म्हणून मला, डॉक्टरला, सांगलीहून बोलावून घेतलं. पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि बाळंतपण माझी वाट न बघताच पार पडलं होतं. मुलगा! सोप्यात साखर वाटणं चाललं होतं. माझ्याही तोंडात कुणीतरी मूठभर कोंबली.

हे घर माझ्या ओळखीचं. या घराण्यात जन्मतःच कपाळावर पांढरा डाग असे आणि त्यावर केसांची पांढरीशुभ्र बट. लोक कोड म्हणत. पण तो डाग पसरत नसे, कुणाला लागतही नसे. आईबापाकडून लेकराला येई, एवढंच. आकारामच्या वडिलांना, हंबीररावांना, तो होता. थोरल्या कृष्णातला आला, धाकट्या आकारामला नाही.

"ज्याला नाही, त्याच्या पोरांनाही येत नाही," असं मीच आकारामला लग्नाआधी सांगितलं होतं. आता हंबीरराव नव्हते. कृष्णात चार वर्षांपूर्वी, मूलबाळ होण्याआधीच, महायुद्धाच्या लढाईत पडला होता. बट घरातून संपली होती.

बाळंतिणीच्या खोलीत अंधार होता. शेगडीवर ओवा धुमसत होता. आकारामच्या आई मनुबाईंनी दिवा जवळ धरला, दुपटं बाजूला केलं...

कपाळावर पांढरा डाग. ओल्या काळ्या जावळात पांढरी बट.

"मग ही कुनाची म्हनायची?" दारातून आकारामची आत्या रंगूबाई पुटपुटली. राहीबाईनं तोंडावर पदर ओढला. आकाराम माझ्याकडं बघत राहिला.

मनुबाई मात्र खळखळून हसल्या. "कुनाची म्हंजी? माज्या किस्नाची! त्याला जाऊन चार सालं झाली. आता आळ घेनार कुनावर, गं रंगू?"

आकारामलाही हसू फुटलं. "आवं डॉक्टर, दादाच आला की!" त्यानं बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर हलगी कडाडली.

मी हसत हसत बाळाला तपासू लागलो. उजवी मूठ काही उघडेना. हळूच एकेक बोट सोडवलं... तळहातावर चिमूटभर वाळू.

"आत्ताच तर न्हाऊ घातलंय," मनुबाई कुजबुजल्या.

आमच्या नदीची काळसर वाळू नव्हती ती. पिवळी होती, पिठासारखी बारीक.

आकाराम वाकला. "डॉक्टर... दादा मिसर देशात पडला. वाळवंटात."

बाळ झोपेत गालातल्या गालात हसत होतं. मी ती वाळू चिमटीत उचलली, आणि पौषाच्या त्या थंडीत माझ्या बोटांना चटका बसला.